बॅज खुंटीला, डॉक्टर मशीनपाशी

कोकणात रेडिएशन म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, जैतापूरने ते काम करून ठेवलंय. २०१० च्या डिसेंबरात फ्रान्सशी करार झाला, सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, आणि तेव्हापासून माडबन-नाट्यापासून पार विजयदुर्ग-देवगडपर्यंत लोक एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा रेडिएशनवर वाद घालायचे, मासळीचं काय होणार, हापूसला गिऱ्हाईक राहील का, पोराबाळांचं काय. मग २०११ च्या मार्चात फुकुशिमा झालं आणि एप्रिलात आपल्याकडे नाट्याला गोळीबार होऊन एक माणूस गेला. कोण बरोबर कोण चूक तो वाद इथे नको, पण लोक बोलत होते एवढं खरं.

त्याच एप्रिल २०११ मध्ये आयसीआरपीने, म्हणजे रेडिएशनपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, एक निवेदन काढलं. आपण समजत होतो त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसमध्ये डोळ्याच्या भिंगाला इजा होते, त्यामुळे रेडिएशनच्या कामात असलेल्या माणसाच्या भिंगाची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजायचं हे माप) खाली आणून पाच वर्षांच्या सरासरीने २० करावी, असं त्यात होतं. याची झळ सगळ्यात जास्त कोणाला लागते माहितीये? अणुभट्टीवाल्यांना नाही. कॅथलॅबमध्ये टेबलाशी उभं राहून तुमच्या-माझ्या बापाची अँजिओग्राफी करणाऱ्या डॉक्टरला, आणि त्याच्या बाजूच्या सिस्टर आणि टेक्निशियनला. त्याबद्दल मात्र आपल्या टपरीवर तेव्हाही कोणी काही बोललं नाही आणि आजही बोलत नाही. जैतापूरची भट्टी अजून उभी राहिलेली नाही, कॅथलॅबचा एक्सरे मात्र रोज सकाळी चालू होतो. आणि दोन्हीवर लक्ष ठेवणारी संस्था एकच, मुंबईत अणुशक्तीनगरला बसलेली, १९८३ साली स्थापन झालेली एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. वर्षाला सरासरी २० आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट ही अख्ख्या शरीराची मर्यादासुद्धा भट्टीतल्या कामगाराला आणि कॅथलॅबमधल्या डॉक्टरला एकच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. कॅथलॅब कोकणात पाहिजेच, आहेत त्यापेक्षा जास्त पाहिजेत. पण आतल्या माणसांना रेडिएशनपासून वाचवायची जबाबदारी आज जवळजवळ पूर्णपणे त्या माणसांच्या स्वतःच्या शिस्तीवर टाकलेली आहे, ती हॉस्पिटलवर आणि मशीन विकत घेणाऱ्यावर टाकली पाहिजे. हे जिथे एकच डॉक्टर अख्खी लॅब ओढतो अशा आपल्यासारख्या भागात सगळ्यात आधी व्हायला हवं.

आता आत नक्की काय होतं ते थोडं सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं की एक्सरे म्हणजे छातीचा फोटो काढतात तसं, श्वास रोखा, झालं, टेक्निशियन भिंतीमागे. कॅथलॅबमध्ये तसं नसतं. मनगटातून नाहीतर जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात, एक्सरेत उठून दिसणारं औषध, म्हणजे डाय सोडतात, आणि हे सगळं चालू असताना एक्सरेचं चलतचित्र स्क्रीनवर दिसत असतं. डॉक्टर पेडल दाबतो तेवढा वेळ एक्सरे चालू. ट्यूब टेबलाच्या खाली असते, किरण पेशंटच्या अंगातून वर जातात, पण सगळेच सरळ जात नाहीत, बरेचसे अंगावर आपटून चहूबाजूला पसरतात. आंबोली घाटात धुक्यात हेडलाइट लावल्यावर उजेड रस्त्यावर कमी आणि सगळीकडे जास्त दिसतो ना, तसंच. म्हणजे टेबलाशी उभ्या माणसासाठी रेडिएशन येतं ते मशीनपेक्षा पेशंटच्या अंगातूनच. आणि नळी हातात असल्यामुळे डॉक्टर लांब जाऊ शकत नाही. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाई होतो हे खरं, म्हणून सिस्टर दोन पावलं मागे सरकली तरी तिचा मोठा फायदा होतो, पण डॉक्टरने मागे सरकायचं कुठे?

त्यासाठी तो शिशाचा एप्रन घालतो. अर्धा मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण देणारा एप्रन पसरलेल्या किरणांतले नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतो, त्यामुळे छाती-पोट बऱ्यापैकी सुरक्षित. गळ्याला थायरॉइड कॉलर. राहिलं काय, तर डोकं, डोळे, हात. शिवाय डॉक्टर पेशंटच्या उजव्या बाजूला उभा राहतो, त्यामुळे त्याची डावी बाजू ट्यूबच्या जवळ येते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत, नाहीतर व्हॉट्सअपवर जसं सगळं कालवून फिरतं तसं होईल. एक म्हणजे डोळे. यावर बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांत हृदयरोगतज्ज्ञांचे डोळे तपासले गेले, त्यात एक तृतीयांश ते निम्म्या डॉक्टरांच्या भिंगात मागच्या बाजूला रेडिएशनमुळे होतात तसले बदल सापडले, आणि रेडिएशनशी संबंध नसलेल्या लोकांत ते फारच कमी होते. लगेच दिसायचं बंद झालं असं नाही, पण सुरुवात झालेली होती. दुसरी गोष्ट मेंदूच्या गाठी. इस्राएलमधले एरियल रोगिन नावाचे हृदयरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी २०१३ मध्ये असा आजार झालेल्या ३१ डॉक्टरांची नोंद छापली, ज्यांच्या गाठीची बाजू माहीत होती अशा २६ जणांपैकी २२ जणांना गाठ डावीकडे. आकडा वाचून पोटात गोळा येतो. पण ही गोळा केलेली उदाहरणं आहेत, एकूण किती डॉक्टर काम करतात त्यातल्या किती जणांना झालं हे त्यातून कळत नाही, त्यामुळे कॅथलॅबने कॅन्सर होतो हे त्यावरून सिद्ध होत नाही. घाबरवायचंच असेल तर हा आकडा फार कामाचा आहे, मला तो तसा वापरायचा नाही. डोळ्यांचा पुरावा माझ्या मुद्द्याला पुरेसा आहे.

आणि तिसरी गोष्ट जिचा रेडिएशनशी थेट संबंध नाही, पण संरक्षणाशी आहे, ती म्हणजे पाठ. एप्रन पाच-सात किलोचा असतो, तो घालून दिवसभर उभं राहायचं, किंचित वाकून. अमेरिकेतल्या अशा डॉक्टरांच्या एका पाहणीत जवळपास निम्म्या लोकांनी कंबर, मान, गुडघा यातलं काहीतरी बिघडल्याचं सांगितलं. म्हणजे किरणांपासून वाचायला जे घालायचं तेच मणक्यावर बसतं. मग काही जण काय करतात, कॉलर काढून ठेवतात, हलका म्हणून जुना पातळ एप्रन घालतात. त्यांना दोष द्यायला सोपं आहे.

आता कोकणाचं बघू. रत्नागिरीतून कोल्हापूर गाठायचं म्हणजे आंबा घाट, चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली, कणकवलीहून फोंडा नाहीतर गगनबावडा, आणि सावंतवाडी-बांद्याकडची माणसं सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. मुंबई-गोवा हायवेबद्दल काही बोलत नाही, आपण सगळे त्यावरूनच जातो. हार्ट अटॅकमध्ये बंद झालेली रक्तवाहिनी पहिल्या दीड-दोन तासांत उघडली तर हृदयाचा स्नायू वाचतो आणि आपले दीड-दोन तास घाटातच जातात. म्हणून जिल्ह्यात कॅथलॅब हवी ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज झालीत, त्यामुळे ही मागणी अजून जोर धरणार आणि धरायलाच हवी.

पण मागणी करताना आपण काय मागतो? मशीन. उद्घाटनाच्या बॅनरवर फोटो मशीनचा आणि पुढाऱ्याचा. मशीन येतं, मग एक डॉक्टर शोधून आणायचा. डीएम कार्डिओलॉजी झालेला माणूस पुणे-मुंबई सोडून इकडे यायला तयार होणं हीच मोठी गोष्ट, आणि जो येतो तो एकटा. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात चार-पाच जण पाळी लावून काम करतात, डोस वाटला जातो. इथे सकाळच्या ठरलेल्या केसेस तोच करणार, रात्री दोनला अटॅकचा पेशंट आला की तोच उठून येणार, आणि इमर्जन्सीत वेळ जास्त लागतो, घाईत छतावरून लोंबणारी शिशाची काच पुढे ओढायचं राहून जातं, पेडलवर पाय जास्त वेळ राहतो. कामाचा ताण आणि डोस दोन्ही एकाच माणसावर. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं असंच.

यातूनच बॅजची भानगड उभी राहते आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख तिथे आहे.

कॅथलॅबला एईआरबीचं लायसन्स लागतं, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला टीएलडी बॅज असतो. छोटीशी चपटी डबी, आत बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या पदार्थाच्या चकत्या, त्या रेडिएशनची शक्ती साठवून ठेवतात आणि तापवल्यावर उजेड देतात, उजेड जेवढा तेवढा डोस. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो आणि नवा येतो. इतकी छान, स्वस्त, देशी व्यवस्था आहे. आमच्या नात्यातला एक मुलगा एका कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. तो म्हणाला, काका, बॅज असतात ना, सगळ्यांचे असतात, एप्रनच्या स्टँडशेजारी खुंटीवर लटकवलेले. तीन महिन्यांनी काढून पाठवतो, रिपोर्ट येतो, सगळे शून्याच्या आसपास. मी विचारलं डॉक्टरचा पण? म्हणाला, डॉक्टरचा तर नक्कीच.

का? आळस म्हणून काही, विसर म्हणून काही, पण मुख्य कारण वेगळं आहे. आकडा मर्यादेच्या जवळ गेला की विचारणा होते, खुलासा द्यावा लागतो, वेळ पडली तर त्या माणसाला काही काळ रेडिएशनच्या कामातून बाजूला ठेवायला लागतं. शहरातल्या हॉस्पिटलात ठीक आहे, दुसरा येईल. इथे डॉक्टर बाजूला म्हणजे लॅबला कुलूप आणि पेशंट पुन्हा घाटात. डॉक्टरला ते नको असतं, मॅनेजमेंटला नको असतं, खरं सांगायचं तर आपल्यालाही नको असतं. म्हणजे जो इमानदारीने बॅज लावेल त्याचंच काम थांबायची भीती, आणि जो खुंटीला लावेल त्याचा रिपोर्ट स्वच्छ. अशा व्यवस्थेत कोण बॅज लावेल? नियम वाईट नाही, पण नियमाने खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत असेल तर कागदावर सगळे निरोगी दिसणारच. आणि मग कोणी हिशोब करायला बसलं की इथल्या लॅबमध्ये डोस किती, तर उत्तर येणार काहीच नाही, सगळं मस्त चाललंय, नवीन काच घ्यायची गरज काय.

यावर मला सुचतो तो उपाय असा, चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं. बॅजचा आकडा वाढला तर पहिला प्रश्न डॉक्टरला नाही, हॉस्पिटलला विचारला गेला पाहिजे. छतावरून लोंबणारी शिशाच्या काचेची ढाल बसवलीये का, टेबलाच्या कडेला शिशाचे पडदे आहेत का, मशीन सेकंदाला किती फ्रेमवर, म्हणजे किती चित्रांवर चालतंय, एवढ्या केसेस एकाच माणसाकडे का. आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत, हवं तर कोल्हापूर-गोव्याशी सुद्धा, आधीच लेखी ठरलेलं असलं पाहिजे की इथला डॉक्टर बाजूला ठेवायची वेळ आलीच तर तेवढे दिवस कोण येणार. ती सोय असेल तर बॅज छातीवर लागेल, नाहीतर कितीही पोस्टर चिकटवा. उलट तीन महिन्यांच्या रिपोर्टात सगळ्यांचेच आकडे शून्य असतील तर शाबासकी न देता तिथेच आधी तपासणी व्हायला हवी, कारण केसेस होतायत आणि डोस नाही हे शक्यच नाही.

हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, डॉक्टर लाखो कमावतात, घेतील त्यांचं ते बघून. आमच्या वाडीतली एक आजी तर म्हणाली, "डॉक्टराक काय होता त्येका? त्येची सवय असतली." आजीचं सोडा, पण रेडिएशनची सवय होत नाही, भिंगातला डाग पुसला जात नाही. आणि लाखो कमावणारा खोलीत एकटा नसतो. सिस्टर असते, टेक्निशियन असतो, पेशंट धरायला वॉर्डबॉय आत येतो. यातले कितीतरी कंत्राटावर, आज इथे उद्या तिथे, त्यांच्या जुन्या डोसची नोंद नव्या ठिकाणी पोचते का हे विचारायची त्यांची हिंमत पण नसते. चांगला हलका एप्रन डॉक्टरच्या नावाचा, उरलेले बाकीच्यांचे. हे पहिल्यापासूनच असं आहे बहुतेक. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तसाच एक्सरेच्या खोलीत चालत गेला, या सगळ्या शास्त्राची सुरुवात ती. त्याला स्क्रीन दिसावी म्हणून नर्स आरसा धरून उभी होती असं सांगतात. फोर्समानला १९५६ चं नोबेल मिळालं. आरसा धरणारीच्या अंगावर एप्रन होता का, हे कोणी विचारलेलं मी तरी वाचलं नाही.

पैशाचं म्हणाल तर कॅथलॅबची किंमत कोटींत जाते, त्यापुढे छताची ढाल, टेबलाचे पडदे, लेडचे चष्मे, वेगवेगळ्या मापाचे एप्रन हे सगळं मिळून किरकोळ आहे. तरी टेंडरमध्ये ते "पर्यायी" म्हणून शेवटच्या पानावर असतं आणि किंमत खाली आणायची वेळ आली की पहिलं तेच कापतात. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधी स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर बांधला, देशभर चर्चा झाली, पेशंटचा फायदा झाला, चांगलंच झालं. पण त्या सगळ्या चर्चेत स्टेंट बसवणाऱ्याच्या डोक्यावरची काच कुठेच नव्हती. पेशंटच्या खिशाचा विषय आपल्याला पटकन कळतो, डॉक्टरच्या डोळ्यांचा नाही.

खरं तर दोघांचा स्वार्थ एकच आहे, कारण डॉक्टरला बसतो तो पेशंटच्या अंगातून पसरलेला डोस. पेशंटचा कमी केला की डॉक्टरचा आपोआप कमी. सेकंदाला १५ ऐवजी साडेसात फ्रेम घेतल्या तर डोस जवळपास अर्ध्यावर येतो आणि बहुतेक कामाला तेवढं चित्र पुरतं. सिने म्हणजे साठवायचं रेकॉर्डिंग, त्याला साध्या फ्लुरोपेक्षा, म्हणजे न साठवता नुसतं बघायच्या चित्रापेक्षा साधारण दहापट डोस लागतो, ते गरजेपुरतंच करायचं. किरणांची चौकट हवी तेवढीच उघडायची, वरचा चित्र टिपणारा डिटेक्टर पेशंटच्या छातीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. याला पैसे लागत नाहीत, कोणीतरी येऊन शिकवायला लागतं आणि मशीन बसवतानाच कंपनीच्या माणसाकडून सेटिंग कमी डोसवर करून घ्यायला लागतं. मशीन ज्या सेटिंगवर येतं त्याच सेटिंगवर वर्षानुवर्षं चालतं हा आपला अनुभव तर घरच्या टीव्हीपासूनचा आहे.

एक खास आपल्याकडची अडचण पण आहे, पावसाळा. जून ते सप्टेंबर भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. घामाने भिजलेले एप्रन घडी करून एकावर एक टाकले की आधी वास, मग वरचं कापड सडतं, आणि घडीच्या जागी आतल्या शिशाच्या थराला चिरा पडतात ज्या बाहेरून दिसत नाहीत. एप्रन रुंद हँगरवर टांगून ठेवायचा असतो आणि वर्षातून एकदा तरी एक्सरेखाली धरून बघायचा असतो. कॅथलॅबमध्ये एक्सरे मशीन समोरच आहे, अर्ध्या तासाचं काम. किती ठिकाणी करतात?

मुलींचा मुद्दा तर कोणी काढतच नाही. एमडी मेडिसिन झालेल्या कितीतरी हुशार मुली कॅथलॅबच्या कामाकडे वळत नाहीत, आणि विचारलं की लग्न, मूल, रेडिएशन या तिन्ही गोष्टी एका दमात सांगतात. गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, ती नीट पाळता येते, पण त्यासाठी त्या बाईला कळवायची भीती वाटता कामा नये आणि तेवढे महिने तिला दुसरं काम मिळालं पाहिजे. सिस्टर लोकांचं तर अजून कठीण, कळवलं आणि कंत्राट पुढे वाढलं नाही तर? आधीच इकडे डॉक्टर यायला तयार नाहीत आणि त्यातून निम्म्या लोकांना आपण दारातूनच परत पाठवतोय.

कोणी म्हणेल आता रोबोट येतायत. आलेत सुद्धा, २०१८ च्या डिसेंबरात गुजरातेत डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून ३२ किलोमीटरवरच्या पेशंटची अँजिओप्लास्टी करून दाखवली. भारी गोष्ट आहे. पण तिथे पेशंटजवळ टीम उभी होतीच, आणि आमच्याकडे वादळात लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातं, त्यामुळे आपण सध्या काचेबद्दलच बोलू.

जिल्हा रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, त्यात लोकप्रतिनिधी असतात, आपले ओळखीचे लोक असतात. कॅथलॅबचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला की छताची ढाल, पडदे, चष्मे आणि बायकांच्या मापाचे एप्रन मूळ किमतीतच धरलेत का, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण आणि त्याला त्या कामासाठी वेळ दिलाय का, आणि डॉक्टर रजेवर किंवा बाजूला असेल तेव्हा बदली कोण, एवढं तरी त्यांना विचारायला लावू शकतो आपण. प्रायव्हेट हॉस्पिटल असेल तर नातेवाईक म्हणून विचारा, पेशंट आत नेताना नको, नंतर डिस्चार्जच्या वेळी बिलावरून भांडताना विचारा, तेव्हा मॅनेजर समोरच बसलेला असतो.